वाट वादीतून जाते

मधूभाई, जाता जातासुद्धा तुम्ही तारीख घेतलीतच.

सोमवारी आपला कैनाडच्या वाटेचा दावा अंतिम युक्तिवादाला लागला होता. इतक्या वर्षांनी! मी दोन दिवस थंड पाणी प्यायले नाही, घसा सांभाळला, तुम्ही काय काय सबबी सांगाल त्याची उत्तरंसुद्धा पाठ करून ठेवली. पोटाचं दुखणं, घोलवडचं बंद पडलेलं रेल्वेफाटक, वाडीतली चिकूची काढणी, अशील भातलावणीत गुंतला, दूरच्या चुलत्याचं निधन. सगळ्यांवर माझ्याकडे तोड होती. आणि तुम्ही शनिवारी दुपारी चिखल्याच्या तुमच्या वाडीत, जेवून खुर्चीत टेकलात, ते उठलाच नाहीत. यावर माझ्याकडे तोड नव्हती.

सोमवारी पुकारा झाला. मी उभी राहिले. तुमच्या बाजूला तुमचा कारकून उभा. म्हणाला, "साहेब, मधूभाई येणार नाहीत." साहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज कोण वारलं?"

तुम्ही आजवर इतके नातेवाईक मारलेत, मधूभाई, की यात साहेबांचा काही दोष नव्हता. पण कोर्टात कोणी हसलं नाही. कारकून खालच्या आवाजात म्हणाला, "तेच, साहेब."

साहेबांनी पेन ठेवलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग शोकसभा, मग कामकाज बंद. जिन्यात, व्हरांड्यात, बाहेर चहाच्या टपरीवर जेवढे म्हणून पक्षकार उभे होते, त्या सगळ्यांना पुढची तारीख मिळाली. एरवी तुम्ही एका दाव्यात मुदत मागायचात. त्या दिवशी कोर्टाच्या कामांचा अख्खा बोर्ड तुमच्या नावानं पुढे ढकलला गेला. तुम्ही असतात तर टपरीवर एक चहा जास्त प्यायला असतात.

शोकसभेत लोक काय काय बोलले ते ऐकायला हवं होतं तुम्ही. आमच्या एका वकीलमित्रानं भावनेच्या भरात सांगितलं, "मधूभाई म्हणजे वक्तशीरपणा." सभागृहातल्या सगळ्यांना एकदम खोकला आला. नंतर दोन मिनिटं शांतता. मी मान खाली घालून उभी होते आणि मनात म्हणत होते, तुमच्या नावावरचं एवढ्या लवकर उरकलेलं हे पहिलंच काम. मग हसू आलं, आणि हसताना रडू आलं. शेजारच्यांना वाटलं मी फारच मोडून पडलेय. आणि तशी पडलेच होते.

मी तलासरीहून बसनं पहिल्यांदा डहाणूच्या कोर्टात आले तेव्हा बाररूममध्ये माझ्यासाठी खुर्ची नव्हती. म्हणजे खुर्च्या होत्या, पण प्रत्येकीवर कोणाचा तरी वर्षानुवर्षांचा हक्क होता. तुम्ही उठून आपली खुर्ची सरकवलीत आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसलात. "बेन, तू बस इथं. मला तसंही तारीख घेऊन लगेच घरी जायचंय." मला वाटलं, किती भला माणूस. अर्ध्या तासानं कळलं, की ती तारीख तुम्ही माझ्याच अशिलाविरुद्ध घ्यायला निघाला होतात.

माझी अशील सोमीआजी. कैनाडच्या पाड्यावरची. तिचं भाताचं खाचर ओढ्यापलीकडे, आणि तिकडे जायची पायवाट तिचा धाकटा दीर रघू याच्या वाडीतून. कधीतरी आजीचे बैल त्या वाटेनं जाताना रघूच्या वाडीत शिरले आणि त्यानं नवीन लावलेली चिकूची कलमं खाऊन गेले. त्याच संध्याकाळी रघूनं वाटेवर काटे टाकून कुंपण केलं. तेव्हापासून आजी डोक्यावर भारा घेऊन ओढ्याला वळसा घालून जायची. पावसात ओढा चढला की तेही नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की आपल्या वाटेनं आपल्या शेतात जाता यावं.

आता आजीचा दावा माझ्याकडे आला तो दुसऱ्या एका वकिलांकडून. त्यांनी वकिली सोडली होती. दाव्याचा कागद कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं टाइप केलेला. त्यात वाटेचं वर्णन असं: "सदरची पायवाट वादीतून जाते." टायपिस्टचा ड सुटला आणि द बसला. वाडीची वादी झाली. पुढे वाचा म्हणजे, वादीत चिकूची झाडं आहेत, वादीला तीन बाजूंनी कुंपण आहे, आणि वादीत पूर्वीपासून विहीर आहे.

बाकी कोणी असता तर त्यानं गालात हसून सोडून दिलं असतं. तुम्ही मात्र उभे राहिलात, जाकीट सारखं केलंत आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "साहेब, वाट वादीतून जाते असं वादीचंच म्हणणं आहे. वादीबाई समोर उभ्या आहेत. विहीर मला तरी दिसत नाही. माझ्या अशिलानं उत्तर द्यायचं तरी कशाला?"

सगळं कोर्ट हसलं. आजीनं मला विचारलं, "काय झाला बाय?" मी सांगितलं, कागदात एक अक्षर चुकलंय. तिनं बोटाला थुंकी लावली आणि म्हणाली, "कुठला तो सांग, पुसून टाकतूं."

पुसता आलं असतं तर काय हवं होतं! एका अक्षरासाठी मी दुरुस्तीचा अर्ज दिला. त्या अर्जावर म्हणणं द्यायला तुम्ही मुदत घेतलीत. म्हणणं दिलंत, तर त्यावर युक्तिवादाला मुदत घेतलीत. मध्येच साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांना वादी आणि वाडीची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली, तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी तारीख दिली. अखेर ड मंजूर झाला. मी पेढे वाटायच्या बेतात होते. तेवढ्यात तुम्ही उठलात आणि म्हणालात, की तुमच्या कैफियतीत, म्हणजे रघूच्या लेखी उत्तरातही दुरुस्ती करावी लागेल. कारण तुम्ही कैफियत आमच्या दाव्यावरून उतरवून काढली होती, आणि तुमचा अशील रघू त्यात आपल्या "वादीला" रोज पाणी घालत होता!

त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले. आठवतं? टपरीवर, सगळ्यांदेखत. मी म्हटलं, "मधूभाई, लाज वाटत नाही? ती बाई म्हातारी होत चाललीय." तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकलात. "बेन, निकाल म्हणजे काय? एकाला हसत घरी पाठवायचं नि दुसऱ्याला अपिलात. तारीख दिली की दोघं आपले गपगुमान घरी जातात."

"घरी जातात. शेतात कसं जायचं?"

"जातील. राग उतरला की जातील. रागाला वेळ लागतो."

हाच आपला वाद. तो तेव्हा सुरू झाला आणि कधी मिटला नाही. मी बाररूममध्ये तावातावानं सांगायची, की न्याय लवकर मिळायचा असेल तर दुसऱ्यांदा मुदत मागणाऱ्याकडून कारण लेखी घ्या. जमिनीच्या भांडणात आधी साहेबांनी, नाहीतर कोणी तटस्थ माणसानं, जागेवर जाऊन वाट डोळ्यांनी बघावी. साक्षीपुरावा अर्धा झालेला असताना न्यायाधीशांची बदली करू नका. रिकाम्या जागा भरा. तुम्ही एकेक ऐकून घ्यायचात आणि एकेक मोडीत काढायचात. मी म्हणाले, न्यायाधीश वाढवा. तुम्ही म्हणालात, "वाढव की. मग तारखा लवकर मिळतील." त्यावर सगळी बाररूम खूश. तुमच्याशी वाद घालण्यात हाच त्रास होता. मुद्दा माझा खरा असायचा आणि टाळ्या तुम्हाला.

आणि ती फोनवरची सुनावणी! घरबसल्या हजेरी सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला होता, की आता यांचं फाटक कुठून बंद पडणार? तुम्ही वाडीतून हजर झालात. मागे चिकूची झाडं, तुमच्या अंगात कोट, आणि कोटाखाली लुंगी आहे हे आम्हाला तुम्ही उठल्यावर कळलं. मी उलटतपासाला सुरुवात केली आणि तुमचं चित्र थिजलं. तोंड उघडं, एक बोट वर. बराच वेळ तुम्ही तसेच. साहेबांनी विचारलं, "प्रतिवादीचे वकील आहेत का?" दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्ज केलात, की आपलं चित्र पूर्ण वेळ हजर असल्यानं गैरहजेरी धरू नये. आणि तो मंजूर करून घेतलात! रेंज गेली होती का तुम्ही श्वास रोखून बसला होतात, हा माझा संशय आजही फिटलेला नाही. आता कोणाला विचारू?

पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि तुम्हाला वाटत होतं की मला ठाऊक नाही. माझी आई वलसाडच्या दवाखान्यात होती तेव्हा रघूची साक्ष लागली होती. उलटतपास मला घ्यायचा होता. मी फोन करून कोणाला सांगण्याच्याही अवस्थेत नव्हते. माझं नाव पुकारलं गेलं, मी नाही. दावा तिथेच माझ्या गैरहजेरीत निकाली निघाला असता, आणि तुमचा अशील घरबसल्या जिंकला असता. तुम्ही उठून साहेबांना सांगितलंत, "माझाच साक्षीदार आलेला नाही, माझी तयारी नाही, मुदत द्यावी." रघू तुमच्या मागे बाकावर बसला होता, साक्षात! तुम्ही त्याच्याकडे असे डोळे वटारलेत की तो बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. हे मला तुमच्या कारकुनानं सांगितलं. पुढच्या वेळी भेटलात तर म्हणता, "बेन, माफ कर हं, मागच्या वेळी माझी तयारी झाली नव्हती."

मी म्हटलं, "तुमची कधी असते?"

आभार मानायचे होते, मधूभाई. मनापासून मानायचे होते. पण तुमचे आभार मानले असते तर पुढच्या तारखेला तुमच्याशी भांडले कशी असते? म्हणून राहून गेलं. आज मानते. आणि लगेच हेही सांगते, की त्या दिवसानंतरही आजी ओढ्याला वळसा घालूनच शेतात जात राहिली. तुमचा चांगुलपणासुद्धा शेवटी तिच्याच पायांच्या हिशोबात गेला.

आजी आणि रघू कोर्टात एकाच रिक्षातून यायचे, हे नव्या साहेबांना कधी पटायचं नाही. पाड्यावरून सकाळी एकच रिक्षा सुटते, त्याला ती दोघं तरी काय करणार? रस्ताभर एकमेकांशी बोलायचं नाही, एवढं मात्र पथ्य. आजी तारखेला ठेवणीतलं लुगडं नेसायची. दुपारी कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली दोघं पाठीला पाठ लावून भाकरी खायची. आजी सुक्या बोंबलाची चटणी आणायची. ती मला द्यायची, तुम्हाला द्यायची, आणि "वकिलाच्या हातून" रघूला पाठवायची. तुम्ही वाटेत अर्धी संपवायचात.

तर शोकसभेच्या दिवशीही ती दोघं आलीच होती. मी बाहेर आले तेव्हा त्याच झाडाखाली बसली होती. रघूच्या डोळ्यांत पाणी. मला बघून उठला.

"वकीलबाय, आता माझी बाजू कोण बोलंल?"

मी म्हटलं, दुसरा वकील बघावा लागेल. कोर्ट त्यासाठी वेळ देईल. वेळ देईल म्हणताना माझीच जीभ जड झाली. नवा वकील येणार, कागद वाचायला मुदत मागणार. कोण जाणे, त्याला आणखी एखादं अक्षर सापडणार.

"दुसरा नको," रघू म्हणाला. "मधूभाईला सगळा माहीत होता. दुसऱ्याला पयल्यापासून कोण सांगंल?"

"मी सांगीन," आजी म्हणाली.

रघूनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. आजीनं पदर खोचला आणि तुम्ही उभे राहायचात तशी उभी राहिली. "याची कलमं होती. घोलवडवरून डोक्यावर आणली. दोन उन्हाळं यानं ओढ्यावरून पानी आणून घातला. आमच्या बैलांनी एका सकाळीत खाल्ली. यो रडत आला, तर माझ्या घरचा माणूस हसला. म्हनं, बैलांना काय कळतं. माफी कोणी मागली नाय. मी पन नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हीच ना याची बाजू? येवढीच हाय. दर टायमाला ऐकली."

रघू खालीच बघत होता. तसाच म्हणाला, "वयनीचा पन खरा हाय. भारा घेऊन वळसा पडतो. ओढा भरला की भात पडून जातं. मला दिसतं वाडीतून." मग मान वर करून, "माणूस गेला तर चालंल. बैल नको."

"बैल कुठं हाय आता?" आजी म्हणाली. "ते कवाच मेलं!"

मधूभाई, बैल मेले होते! साक्षीपुरावा चालू असतानाच कधीतरी एकामागून एक मेले. आपण दोघं मात्र कोर्टात त्यांना तारखेतारखेला रघूच्या वाडीत चारत होतो. मी त्यांच्या हक्कासाठी भांडत होते, तुम्ही त्यांना हरकत घेत होतात, आणि पाड्यावर कोणाच्या दावणीला बैलच नव्हता. हे आपण दोघांनी कधी विचारलंही नाही.

तिथेच झाडाखाली मी तडजोडीचा मजकूर लिहिला. माणसानं भाऱ्यासकट जावं, जनावर नेऊ नये. दोघांनी अंगठे दिले. "वाडी" हा शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिला आणि ड नीट गोल केला. पुढच्या तारखेला साहेबांनी तो वाचून दोघांना विचारलं, राजीखुशीनं का, आणि हुकूम केला. चहा गार व्हायच्या आत दावा निकाली. माझ्या डाव्या हाताला तुमची जागा मोकळी होती. मी सवयीनं तिकडे बघितलं, तुम्ही हरकत घ्याल म्हणून.

आता मिशीत हसू नका. तुमचं म्हणणं सिद्ध झालं असं तुम्ही नक्की म्हणाल: बघ बेन, राग उतरला, आपोआप मिटलं. आपोआप नाही मिटलं, मधूभाई. हेच दोघं पहिल्या तारखेला त्याच झाडाखाली समोरासमोर बसवले असते, तर तेव्हाही हेच बोलले असते. त्यांना वेळ नको होता, कोणीतरी समोरासमोर बसवायला हवं होतं. ते तुम्ही केलं नाही, मीही केलं नाही. आपण आपली बाजू मांडण्यात गुंग होतो, आणि खरं सांगायचं तर आपल्याला त्यात मजाही येत होती.

परवा मी कैनाडला गेले. रघूनं काटे काढून वाट मोकळी केली होती. एवढंच नाही, वाटेवर झुकलेल्या चिकूच्या फांद्याही छाटल्या होत्या, भारा अडू नये म्हणून. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तारखेचं लुगडं. मला म्हणाली, चल बाय, तुना माझा शेत दाखवतूं. पुढे ती, मागे मी. रघू लांब उभा राहून चिकू बघत असल्यासारखं करत होता.

वाडीच्या मध्यावर आजी थांबली. एका झाडाला हात टेकून उभी राहिली, मग हळूहळू खाली बसली. मला वाटलं दम लागला, घेईल जरा विश्रांती. तिची सून गवताचा भारा घेऊन शेताकडून आली आणि आमच्या शेजारून सरळ घराकडे निघून गेली. आजी तिच्या पायांकडे बघत राहिली. मी म्हटलं, चला आजी, थोडंच राहिलंय. तिनं स्वतःचे गुडघे दाबून बघितले आणि हसली. अगदी मनापासून हसली, रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाय," ती म्हणाली, "वाट आली नि पाय गेलं."

यावर तुम्ही काय म्हणाला असतात? तुम्ही दर वेळी काहीतरी शोधून काढायचात, बशी फुंकत, मिशीत हसत, आणि मी चिडून घरी जायची. आज चिडायलाही कोणी नाही. म्हणून हे लिहितेय. रघूनं आजीला पाठुंगळी घेतलं आणि शेताच्या बांधापर्यंत नेऊन बसवलं, हे खरं आहे, आणि ते बघून तुम्हाला बरं वाटेल हेही मला माहीत आहे. पण म्हातारी बांधावर बसून ओढ्याकडे बघत होती, ज्या बाजूनं ती इतकी वर्षं आली, त्या बाजूला. तिच्या त्या वर्षांचं उत्तर द्या, मधूभाई. या वेळी मुदत मिळणार नाही.